धातू अधिक आम्ल: आधी कपाट उघडा, मग नियम सांगा



दहावीच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, "धातूची आम्लाशी अभिक्रिया झाली की काय तयार होतं?" डोळे न उघडता तो सांगेल, "क्षार आणि हायड्रोजन वायू." उत्तर बरोबर आहे, पैकीच्या पैकी गुण. आता त्यालाच पुढचा प्रश्न विचारा. हा हायड्रोजन आला कुठून? धातूतून की आम्लातून? इथे बहुतेक मुलं अडतात. काही जण "धातूतून" म्हणतात, आणि काही जण आपला चेहरा बघून उत्तर बदलतात.

या गोंधळाबद्दल मुलांना हसू नका. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६६ साली जस्त, लोखंड आणि कथील यांच्यावर आम्ल घालून निघणाऱ्या "पेट घेणाऱ्या हवे"चा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. ती हवा साध्या हवेपेक्षा किती हलकी आहे हेही त्याने मोजलं. आणि एवढं करूनही त्याला वाटत होतं की ही हवा धातूतूनच बाहेर पडते! फरक इतकाच, की कॅव्हेंडिशच्या समोर खरे बुडबुडे होते. आपल्या मुलांसमोर फळ्यावरचा बाण असतो. बाणाच्या डावीकडे काय लिहायचं, उजवीकडे काय लिहायचं हे त्यांना पाठ असतं, पण मधल्या बाणात काय घडतं ते त्यांनी कधी बघितलेलंच नसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. आठवीपासून दहावीपर्यंत पुन्हा पुन्हा येणारा हा भाग केवळ खडू-फळ्यावर शिकवू नये. विरल आम्ल, चार-पाच धातूंचे तुकडे आणि तेवढ्या परीक्षानळ्या शाळेत असतील तर त्या मुलांसमोर यायला हव्यात, आणि शक्य तिथे मुलांच्या हातात यायला हव्यात. "सुरक्षितता" हे कारण देऊन आम्लाचं कपाट वर्षभर कुलपात ठेवणाऱ्या शाळा मुलांना सुरक्षित करत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. कसं ते सांगते.

आधी कपाट बंद का असतं ते प्रामाणिकपणे बघू. बऱ्याच शाळांत प्रयोगशाळा सहायकाचं पद रिकामं आहे किंवा मुळात मंजूरच नाही. एका वर्गात साठ मुलं. तास पस्तीस मिनिटांचा. एखाद्याच्या गणवेशाला भोक पडलं तर पालक दुसऱ्या दिवशी दारात. आणि त्यात २०१३ पासून एक नवं कारण जोडलं गेलं आहे, "आता ॲसिडवर बंदी आहे ना!" तर तशी बंदी नाही. ॲसिड हल्ल्यांच्या संदर्भात लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र बघायचं, १८ वर्षांखालच्या व्यक्तीला विकायचं नाही. शैक्षणिक संस्था आणि प्रयोगशाळांना आम्ल ठेवायची मुभा आहे. त्यांच्यासाठी अट अशी, की वापराची नोंदवही ठेवा, एक माणूस जबाबदार नेमा आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करा. म्हणजे न्यायालयाने शाळेकडून शिस्त मागितली आहे. आपण त्या शिस्तीचा त्रास नको म्हणून प्रयोगच बंद करून टाकले.

आणि इकडे शाळेत बंद झालेलं आम्ल घरात मात्र उघडंच आहे. संडास-बाथरूम साफ करायच्या बऱ्याच द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. नावाजलेल्या बाटल्यांवर त्याचं प्रमाण बारीक अक्षरात छापलेलं असतं, साधारण १० टक्के वगैरे. सुटं मिळणारं "बाथरूम ॲसिड" याहून जहाल असू शकतं, आणि त्यावर बहुतेक वेळा काहीच छापलेलं नसतं. तुमच्या वर्गातल्या मुलाची आम्लाशी पहिली भेट कुठे व्हावी? चष्मा लावलेल्या बाईंच्या देखरेखीखाली, परीक्षानळीत, २ मिलिलिटर? की दिवाळीच्या साफसफाईत, बंद बाथरूममध्ये, अर्धा लिटर? भेट तर होणारच आहे.

आता धड्याकडे येते. मला या धड्यात सगळ्यात मोठी अडचण वाटते ती एका शब्दाची: "स्ट्राँग". घरी आपण म्हणतो, "हे ॲसिड फार स्ट्राँग आहे हं." पुस्तकात मात्र दोन वेगळे शब्द आहेत, तीव्र आणि संहत. तीव्र म्हणजे पाण्यात गेल्यावर आपले हायड्रोजन आयन जवळजवळ पूर्णपणे सोडून देणारं आम्ल. हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक, नायट्रिक ही तीव्र. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल सौम्य. संहत म्हणजे ज्यात पाणी कमी, आम्ल जास्त. विरल म्हणजे उलट. तेव्हा "विरल तीव्र आम्ल" असं असू शकतं, आणि आपण प्रयोगात नेमकं तेच वापरतो. मुलांना हे दोन शब्द वेगळे करून दाखवले नाहीत तर त्यांच्या मनात एक चुकीचं गणित पक्कं बसतं: जितकं संहत, तितकी धातूवर जास्त जोरात अभिक्रिया.

हे गणित कुठे कोसळतं बघा. संहत सल्फ्युरिक आम्ल कशात साठवतात? साध्या पोलादाच्या टाक्यांत. ज्या आम्लाचं नुसतं नाव ऐकून आपण दोन पावलं मागे सरकतो, ते लोखंडातच राहतं. कारण लोखंडाच्या पृष्ठभागावर आयर्न सल्फेटचा थर बसतो आणि त्या संहत आम्लात तो सहज विरघळत नाही, म्हणून पुढची अभिक्रिया मंदावते. आता त्याच टाकीत पाणी शिरलं, आम्ल विरल झालं, की तो थर विरघळतो, लोखंड झपाट्याने खाल्लं जातं आणि हायड्रोजन सुटू लागतो. हवेत ४ टक्क्यांपासून ते ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तर ते मिश्रण पेट घेऊ शकतं. म्हणूनच अशा टाकीजवळ वेल्डिंग करण्याआधी आत हायड्रोजन साठलेला नाही याची खात्री करावी लागते.

संहत नायट्रिक आम्लाची गोष्ट तर याहून गमतीची. ते ॲल्युमिनिअमच्या टाक्यांतून नेता येतं. ज्या ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात आमटी फार वेळ ठेवू नका म्हणून आजी ओरडते, तोच हा धातू. संहत नायट्रिक आम्ल त्याच्यावर ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा तयार करतं आणि धातू जणू आतून कडी लावून बसतो. लोखंडाचंही असंच होतं.

तुम्ही म्हणाल, दहावीच्या मुलाला टाक्यांचं काय घेणं? तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ ही नावं महाराष्ट्राच्या नकाशावर कशासाठी ओळखली जातात ते तुम्हाला माहीत आहे. आपल्याच शाळांतली मुलं आयटीआय करून तिथल्या कारखान्यांत ऑपरेटर म्हणून लागतात. "टाकीत थोडं पाणीच तर गेलंय, ॲसिड उलट सौम्यच झालं" असं एखाद्या रात्रपाळीला त्याच्या डोक्यात येऊ नये, याची सोय आपल्याच वर्गात व्हायची असते.

आता तांब्याकडे या. मला स्वतःला हा धडा जस्तापासून सुरू करण्यापेक्षा तांब्यापासून सुरू करायला आवडतो. परीक्षानळीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात तांब्याची तार. काहीच होत नाही. मुलं नळीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. "काहीच होत नाही" हेसुद्धा निरीक्षण आहे आणि ते वहीत लिहायचं असतं, हे मुलांना शिकवायला याच्याइतका चांगला प्रयोग नाही. त्यानंतर जस्त टाकलं की बुडबुड्यांचं मोल कळतं.

कारण सोपं करून सांगता येतं. जस्ताचा अणू इलेक्ट्रॉन देतो, आम्लातले हायड्रोजन आयन ते घेतात, दोघं दोघं जोडीने वायू होऊन वर जातात. जस्त आयन होऊन द्रावणात उतरतं. हायड्रोजन आम्लातून आला, धातूने फक्त इलेक्ट्रॉन दिले. कॅव्हेंडिशचा प्रश्न इथे सुटतो. तांबं मात्र हायड्रोजन आयनांना इलेक्ट्रॉन देत नाही. क्रियाशीलता श्रेणीत तांबं हायड्रोजनच्या खाली, असं आपण जे घोकून घेतो त्याचा अर्थ एवढाच.

पण इथे थांबलात तर वर्गातली एखादी हुशार मुलगी तुम्हाला पकडेल, आणि पकडायलाच हवं. "बाई, मग पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं कसं?"

"कळकणं" हा शब्द आजच्या मुलांना माहीत नसेल तर घरी आजीला विचारायला सांगा. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, दही, चिंचेचं सार ठेवलं की त्याला हिरवट छटा आणि एक घाणेरडी, जिभेला आवळणारी चव येते. पदार्थ कळकला, टाकून द्या. म्हणून तर दारावर कल्हईवाला यायचा, आणि भांडं तापवून, नवसागर टाकून, कथलाचा पातळ हात आतून फिरवायचा. आता विचार करा. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने जे परीक्षानळीत झालं नाही, ते ताकातल्या सौम्य लॅक्टिक आम्लाने कसं केलं? ताकाने एकट्याने काही केलेलं नाही. हवेतल्या ऑक्सिजनने तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतले आणि आम्लाने तयार झालेलं तांबं द्रावणात उतरवलं. म्हणून इथे हायड्रोजनचा एक बुडबुडासुद्धा नाही. वेळ मात्र लागतो. सकाळचं ताक लगेच कळकत नाही, रात्रभर राहिलं की कळकतं.

"तांब्याची आम्लाशी अभिक्रिया होत नाही" हे वाक्य म्हणूनच अपुरं आहे. "तांबं विरल हायड्रोक्लोरिक किंवा विरल सल्फ्युरिक आम्लातून हायड्रोजन बाहेर काढू शकत नाही" हे पूर्ण वाक्य. लांब आहे, पण बरोबर आहे. शास्त्रीय कारणांच्या प्रश्नात मुलांकडून असंच वाक्य लिहून घ्या. (चिंचेने देवाची भांडी उजळतात तेही इथेच सांगून टाका. चिंच प्रामुख्याने वरचा ऑक्साइडचा काळपट थर काढते.)

इलेक्ट्रॉन घेणारा दुसरा कोणी बलवान मिळाला तर तांबं विरघळतं, हे एकदा कळलं की नायट्रिक आम्लाचा अपवाद वेगळा पाठ करावाच लागत नाही. तिथे इलेक्ट्रॉन ओढून घेणारा नायट्रेट असतो. संहत नायट्रिक आम्लात तांबं टाकलं तर तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. विरल आम्लात रंगहीन नायट्रिक ऑक्साइड निघतो आणि नळीच्या तोंडाशी हवा लागली की तोही तपकिरी होतो. हायड्रोजन? त्याचं पाणी होतं. मॅग्नेशिअम आणि मँगनीज हे दोन धातू अतिविरल नायट्रिक आम्लातून हायड्रोजन देतात, तेवढाच काय तो नियमाला दिलासा. थोडक्यात, जो नियम आपण "सर्व आम्लांसाठी" म्हणून शिकवतो तो तीनपैकी एका नेहमीच्या तीव्र आम्लाला जवळजवळ लागूच होत नाही. आणि संहत सल्फ्युरिक आम्ल तापवून तांब्यावर घातलं तर सल्फर डायऑक्साइड, तिथेही हायड्रोजन नाही.

या ठिकाणी मला ईरा रेमसन यांची आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. तरुणपणी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पुस्तक वाचत असताना त्यांनी वाचलं की नायट्रिक आम्लाची तांब्यावर क्रिया होते. "क्रिया होते" म्हणजे नक्की काय होतं, हे काही त्यांना कळेना. टेबलावर नायट्रिक आम्लाची बाटली होती, खिशात तांब्याचं नाणं होतं. नाणं टेबलावर ठेवलं आणि ओतलं आम्ल. निळा-हिरवा फेस, लालसर धूर, टेबल खराब. घाबरून नाणं उचलून खिडकीबाहेर फेकायला गेले तर बोटं पोळली, बोटं विजारीला पुसली तर विजार गेली. एका वाक्याचा अर्थ कळायला त्यांना नाणं, टेबल, बोटं आणि विजार एवढी किंमत पडली, आणि तिथूनच रसायनशास्त्राची ओढ लागली असं ते सांगत.

मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण ती सांगितल्यावर लगेच दुसरी गोष्ट सांगणं आपलं काम आहे. तो तपकिरी धूर फुफ्फुसांना अतिशय घातक असतो, आणि त्याचा दगाफटका असा की लगेच फारसं काही वाटत नाही, त्रास काही तासांनंतर सुरू होऊ शकतो. त्यामुळे धूर-कपाट नसलेल्या शाळेत तांबं आणि संहत नायट्रिक आम्ल हा प्रयोग करूच नये, व्हिडिओ दाखवावा. कपाट उघडा म्हणताना मी सगळ्या बाटल्या उघडा असं म्हणत नाहीये. सोनारकाम चालणाऱ्या वस्तीतल्या शाळेत तर ही माहिती अभ्यासक्रमाच्या बाहेरची राहतच नाही. चांदीमिश्रित सोन्यातून चांदी वेगळी करायला नायट्रिक आम्लच लागतं. चांदी विरघळते, सोनं तसंच तळाशी राहतं. छोट्या बंद खोलीत हे काम करणाऱ्याचा मुलगा आपल्या वर्गात बसलेला असतो. खिडकी उघडी ठेवायला बाबांना सांग, धूर छातीत गेला आणि रात्री धाप लागली तर डॉक्टरांना आम्लाचं नाव सांग, एवढं त्याला घरी नेता आलं तरी पुष्कळ.

सोन्याबद्दल मुलं हमखास विचारतात. एकट्या नायट्रिकने सोनं विरघळत नाही, एकट्या हायड्रोक्लोरिकनेही नाही. संहत हायड्रोक्लोरिक तीन भाग आणि संहत नायट्रिक एक भाग मिसळून होतं ते आम्लराज, त्यात विरघळतं. १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा जॉर्ज द हेवेशी यांनी नील्स बोर यांच्या संस्थेत ठेवलेली माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रँक यांची नोबेल पदकं आम्लराजात विरघळवून टाकली. बाटली फळीवर तशीच राहिली. युद्धानंतर द्रावणातून सोनं परत मिळवलं गेलं आणि त्यातून पदकं पुन्हा घडवली गेली. धातू "नाहीसा" होत नाही, द्रावणात आयन होऊन असतो, हे पटवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करता येईल ते. मोठी प्रयोगशाळा लागत नाही, पण सवयी मात्र पक्क्या लागतात.

आम्ल विरल करायचं काम शिक्षकांनी, मुलं येण्याआधी, खिडकीजवळ करायचं. बाजारात मिळणारं संहत हायड्रोक्लोरिक आम्ल एक भाग, पाणी पाच भाग. आधी पाणी घ्यायचं, मग त्यात आम्ल हळूहळू. उलटं कधीच नाही. सल्फ्युरिकच्या बाबतीत तर उलटं केलं तर पाणी उकळून आम्लासकट अंगावर उडतं. डोळ्यांना चष्मा, तुम्हालाही आणि पुढे उभ्या राहणाऱ्या मुलांनाही. टेबलावर खाण्याच्या सोड्याची वाटी, सांडलेल्या आम्लासाठी. त्वचेवर उडालं तर सोडा शोधत बसू नका, नळाखाली धरा आणि पंधरा-वीस मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तरीही तेवढाच वेळ पाणी आणि मग लगेच डॉक्टर.

प्रत्येक नळीत २-३ मिलिलिटर विरल आम्ल पुरे. मॅग्नेशिअमची फीत एक सेंटीमीटर, त्याहून जास्त नको. एक ग्रॅम मॅग्नेशिअमपासून खोलीच्या तापमानाला साधारण एक लिटर हायड्रोजन मिळतो, तेव्हा मूठभर फीत टाकण्याचा मोह आवरा. जस्त विकत आणा किंवा जुन्या साध्या सेलचं बाहेरचं आवरण स्वतः कापून, धुऊन वापरा (अल्कलाइन सेल मात्र फोडू नका). जस्त फार शुद्ध असेल तर बुडबुडे कंटाळवाणे येतात. मोरचुदाच्या द्रावणाचे दोन थेंब टाका, मग बघा. ॲल्युमिनिअमचा तुकडा टाकून मुलांना थांबायला लावा. सुरुवातीला काही होत नाही, कारण वर ऑक्साइडचा थर आहे. तो गेला की एकदम उसळतं आणि नळी गरम लागते. लोखंडाचा खिळा घेताना गॅल्व्हनाइज्ड आणि साधा असे दोन्ही घ्या. पहिला आधी फसफसतो आणि नंतर सुस्तावतो. का, ते मुलांना सांगू नका, विचारा. त्यातच एक परीक्षेचा मुद्दाही होऊन जातो: लोखंडापासून इथे फेरस क्लोराइड मिळतं, द्रावण फिकट हिरवं. वहीत अर्धी मुलं फेरिक लिहितात कारण त्यांनी तो हिरवा रंग पाहिलेला नसतो.

हायड्रोजनची परीक्षा साबणाच्या फुग्यांवर करा. वायू नळीतून साबणाच्या पाण्यात सोडायचा, सुटलेल्या एखाद्या फुग्याला लांब काडी लावायची, "फट्" आवाज येतो. पेटती काडी आम्लाच्या भांड्याच्या तोंडाशी न्यायची नाही.

साठ मुलांना एकदम हे जमणार नाही, मान्य. सहा-सहांचे गट करा, दोन तासांत विभागा, एक गट नळ्या हाताळेल तेव्हा दुसरा निरीक्षणं लिहील. अभ्यासक्रम मागे पडेल अशी भीती वाटत असेल तर एक करून बघा. हा प्रयोग झालेल्या वर्गात क्रियाशीलता श्रेणी शिकवायला किती वेळ लागतो ते मोजा. मुलांनी बुडबुड्यांच्या वेगावरून ती स्वतःच निम्मी लावलेली असते.

पालकहो, तुमच्याकडून दोन-तीन गोष्टी हव्यात. मूल घरी येऊन "आज आम्ही ॲसिड वापरलं" म्हणालं तर लगेच शाळेत फोन करू नका. आधी विचारा, कुठलं आम्ल, विरल की संहत, कुठला वायू निघाला, चष्मा घातला होता का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर मात्र जरूर फोन करा. घरातलं बाथरूम ॲसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवायची सवय आजच बंद करा. लहान मुलं बाटली ओळखतात, द्रावण नाही. चुकून कोणी प्यालंच तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकाच वेळी वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो. स्टीलच्या सिंकवर आणि नळांवर हे आम्ल टाकल्यावर जे बारीक खड्डे पडतात, ते मुलांना जवळून दाखवा. धातू आणि आम्लाचा धडा घरात तिथेच लिहिलेला असतो.

शाळेतल्या त्या तांब्याच्या तारेचं काय झालं, ते राहिलं. दोन नळ्या घ्या. दोन्हींत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल आणि इन्शुलेशन काढून घासलेली तांब्याची तार. एक नळी आम्लाने काठोकाठ भरून बूच लावा, कारण इथे वायू निघत नाही. दुसरी अर्धीच भरा, उघडी ठेवा, तार अर्धी आम्लात आणि अर्धी हवेत. दोन्हींवर चिठ्ठी लावा, नोंदवहीत प्रमाण लिहा, हवा खेळती असेल अशा कपाटात ठेवा आणि कुलूप घाला. कोणत्या नळीला हिरवट छटा येईल आणि का, हे मुलांकडून आजच्या तारखेने वहीत लिहून घ्या. पुढच्या आठवड्यात कपाट उघडाल तेव्हा किल्ली त्या कळकण्याबद्दल विचारणाऱ्या मुलीच्या हातात द्या, आणि तुम्ही शेजारी उभे राहा.